दोनशे रोपे लावण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पहिल्या पावसात दोनशे रोपे लावण्याचा तुझा संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. परंतु त्यांपैकी किती रोपांना पुढची तीन वर्षे पाणी घालणे, भोवतालचे तण काढणे आणि राखण करणे तुला झेपेल, याचा हिशेब पत्रात कोठेच आढळला नाही. तो आधी मांड, आणि चाळीसच झेपणार असतील तर चाळीसच लाव. वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात ‘ग्रीन बेल्ट’ ही झाडे लावण्याची चळवळ सुरू केली, तेव्हा गावोगावच्या स्त्रियांना रोपांचा अल्पसा मोबदला मिळे, तोही रोप जगल्यावर. मथाईंना २००४ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांच्या कार्यातली ही एक अट फार मोलाची वाटते.

लावताना पिशवी उभी चिरून काढ आणि मुळांचा गोळा हातात घेऊन नीट पाहा. मुळे कडेने गोल वळलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी कर, कारण तशीच राहिलेली मुळे पुढे खोडालाच विळखा घालतात आणि चांगले वाढलेले झाड कित्येक वर्षांनी खंगू लागते. खड्डा गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद असावा. खोड मुळांकडे जिथे पसरट होते, तो भाग मातीवर उघडा राहिला पाहिजे. तो पुरला गेला की साल सतत ओली राहून कुजते. आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा पसर, खोडापासून चार बोटे दूर. रोप रुजले की रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड, खोल मुरेल इतके दे.

आधाराच्या काठीबाबत माझ्या हातून घडलेली चूक तू करू नकोस. बांधलेली दोरी सैल करायची मी विसरलो. तिसऱ्या वर्षी वाऱ्याने ते झाड मोडले, तेव्हा दोरी सालीत पार रुतलेली आणि तिच्या वरचे खोड सुजल्यासारखे फुगलेले दिसले. आजही ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणखी एक. नैसर्गिक गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तेथे खड्डे खणू नकोस. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे ते घर असते, आणि गवताची मुळेही मातीत कार्बन साठवतात.

जागेची माती कशी आहे आणि उन्हाळ्यात पाणी कोठून आणणार, हे कळव. रोपांची निवड त्यानंतर करू.

तुझा शुभचिंतक