दुसरं कुलूप आहेच, असं धरून चालू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुला वायुसेनेत वेपन फिटरचा ट्रेड मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. तुझा आवाज फोनवर जरा पडलेला होता, असंही ती म्हणाली. इंजिन नाही, रडार नाही, नशिबी आलं ते बॉम्ब उचलायचं काम, असं काही मनात असेल तर ते आधी काढून टाक. विमानाच्या पंखाखाली आणि पोटाखाली जे जे टांगलं जातं ते लावणं, जोडणं, तपासणं आणि वेळ आली की ते नेमकं सुटेल याची खात्री करणं, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. वर्गात जे शिकवतील ते मी पुन्हा सांगत नाही. जे हाताला कळायला वेळ लागतो, तेवढंच लिहितो.

पंखाच्या आणि पोटाच्या सांगाड्यात भार पेलणाऱ्या ठरावीक जागा असतात, त्यांना हार्डपॉइंट म्हणतात. सुखोई-३० एमकेआयला अशा १२ जागा आहेत. तिथे पायलन, म्हणजे शस्त्र टांगायचा आधार बसतो, पायलनच्या पोटात रॅक, रॅकमध्ये हूक आणि बॉम्बच्या पाठीवर त्या हुकांत अडकणारे लग, म्हणजे कड्या. नाटो मापाच्या बॉम्बवर दोन लगांमधलं अंतर १४ इंच असतं, जड मालासाठी ३० इंच. रशियन मापात २५० मिलिमीटर. आपल्याकडे रशियन, फ्रेंच, ब्रिटिश अशा सगळ्या घराण्यांची विमानं आणि शस्त्रं नांदतात, त्यामुळे 'दिसायला तर तसाच आहे' या वाक्यावर कधीच विसंबू नकोस. कागदावर जी जोडी मंजूर आहे तीच लावायची.

हूक बंद झाल्याचा 'खट्' आवाज आला म्हणजे काम झालं असं नवख्याला वाटतं. आवाजावर जाऊ नकोस. हूक पूर्ण फिरून लॉक झालाय का हे त्याच्या खुणेवर डोळ्यांनी बघ, मग हाताने बघ. त्यानंतर स्वे ब्रेस. बॉम्ब हवेत डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी त्याला रेटून धरणारे हे पाय. ते आळीपाळीने, थोडे थोडे, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने आवळायचे. एका बाजूचा आधी पूर्ण आवळलास तर बॉम्ब तिरका बसतो. ढिले राहिले तर उड्डाणभर थरथर लगांवर येते. जास्त आवळले तर लगांवर नको तो ताण बसतो आणि सुटायच्या क्षणी हूक अडखळू शकतो. रेंच सेट करताना आकडा मोठ्याने वाचायची सवय लाव. तो जोडीदारालाही ऐकू गेला पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शस्त्र आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या वाटेत एकापेक्षा जास्त कुलपं ठेवलेली असतात. लाल रिबिनीची सेफ्टी पिन हे एक. विजेचा प्लग शेवटच्या टप्प्यापर्यंत न जोडणं हे दुसरं. कॉकपिटमधला मास्टर आर्म स्विच, म्हणजे शस्त्रांची वीज चालू करणारं मुख्य बटण, हे तिसरं. प्रत्येक कुलूप दुसऱ्यावर अवलंबून न राहता काम करतं आणि त्याच्यावर हात असतो वेगवेगळ्या माणसांचा. घात होतो तो इथेच. प्रत्येकाला वाटतं, माझं उघडलं तरी काय बिघडलं, दुसऱ्याचं आहेच की.

२९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामजवळ, टोंकिनच्या आखातात, अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर हेच झालं. फँटम विमानाखाली झुनी रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेट भरलेली नळकांडी लावलेली होती. नियम असा होता की रॉकेटचा प्लग विमान कॅटापुल्टवर, म्हणजे त्याला उड्डाणासाठी पुढे फेकणाऱ्या यंत्रावर पोचल्यावरच जोडायचा. उड्डाणांची घाई होती, म्हणून प्लग डेकवर उभ्या विमानालाच जोडायची सवलत नौकेवरच्या लोकांनी आपसात घेतली. पिन आहे, मग भीती कसली? तिकडे पिनही वेळेआधी निघालेली होती. ती काढणाऱ्यांच्या हिशेबात प्लग अजून जोडलेला नव्हता. वैमानिकाने बाहेरची वीज सोडून विमानाची स्वतःची वीज घेतली, त्या बदलात विजेचा एक झटका बसला आणि रॉकेट सुटलं. ते डेक ओलांडून समोरच्या स्कायहॉक विमानाच्या इंधन टाकीवर आदळलं. रॉकेटचा स्फोटक भाग फुटलाच नाही, कारण त्यातलं सुरक्षेचं यंत्र आपलं काम चोख करत होतं. पण टाकी फाटली, इंधन पेटलं. त्या विमानांखाली जुने, खराब झालेले १००० पौंडी बॉम्ब टांगलेले होते. ते दीड मिनिटाच्या आसपास आगीत तापले आणि आग विझवायला धावलेल्या माणसांमध्येच फुटले. १३४ माणसं गेली, १६१ जखमी झाली.

या घटनेत एकही माणूस बेफिकीर नव्हता, हे लक्षात घे. दोन गटांनी आपापल्या परीने एकेक छोटी सवलत घेतली आणि एकमेकांना सांगितलं नाही. म्हणून तुला सांगतो, तुझ्या हातातलं कुलूप हे शेवटचंच आहे असं समजून वाग. आणि क्रमात बदल करायचा झालाच, तर तो हँगरमधल्या चहाच्या गप्पांत ठरवायचा नसतो. तो लेखी असतो आणि संबंधित प्रत्येकाला माहीत असतो.

त्या विजेच्या झटक्यामुळेच स्ट्रे व्होल्टेजची तपासणी करतात. रॅकमधल्या इजेक्टरला, म्हणजे बॉम्ब ढकलून सोडणाऱ्या यंत्रणेला छोटी स्फोटक कार्ट्रिज लागतात. बटण दाबलं की ती पेटतात, त्यांच्या वायूने हूक उघडतात आणि पिस्टन बॉम्बला खाली ढकलतात. ही कार्ट्रिज बसवण्याआधी मीटर लावून त्या तारेत चुकार वीज नाही ना, हे बघायचं. दहा वेळा मीटर शून्य दाखवेल आणि अकराव्या वेळी तुला कंटाळा येईल. तो कंटाळाच ओळखायला शिक. पावसाळ्यात जास्त जप. कनेक्टरची टोपी काढून तो क्षणभर जरी उघडा राहिला तरी आत ओल शिरते. दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर मिग-२९के विमानांवर काम करणाऱ्यांना तर खाऱ्या हवेशी रोजच झुंजावं लागतं.

बॉम्ब ढकलायची गरज काय, आपल्या वजनाने पडणार नाही का, असं तू विचारशील. वेगात पंखाखालची हवा सरळ वाहत नाही. पंख, पायलन आणि शेजारचा बॉम्ब यांच्या फटीतून ती दाबली जाते, वळते. जड बॉम्ब तरी खाली जातो. रिकामी ड्रॉप टँक, म्हणजे बाहेर टांगलेली जादा इंधनाची टाकी मात्र वावटळीतल्या पत्र्याच्या पिंपासारखी कुठेही उसळते आणि विमानावरच आदळू शकते. म्हणून इजेक्टरचा धक्का हवा, आणि पुढच्या-मागच्या पिस्टनचा जोर कमीजास्त करून नाक योग्य कोनात खाली जाईल हेही साधावं लागतं. ती सेटिंग शस्त्रानुसार बदलते. मागच्या उड्डाणाची सेटिंग आजच्या शस्त्राला चालेल असं गृहीत धरू नकोस. अमेरिकेच्या सुपर हॉर्नेटमध्ये सुटणारी शस्त्रं एकमेकांच्या फार जवळ येतात असं चाचण्यांत दिसलं, तेव्हा पायलनच सुमारे ४ अंश बाहेर वळवावे लागले. हवेचा रोध वाढला, तरी तो त्यांनी पत्करला.

न जुमानणाऱ्या हवेने काय होतं ते ३० जुलै १९६६ रोजी दिसलं. अमेरिकेच्या एम-२१ या विमानाच्या पाठीवरून डी-२१ हे वैमानिकरहित यान ध्वनीच्या तिप्पट वेगात सोडत होते. ते सुटलं आणि वाहून नेणाऱ्या विमानालाच धडकलं. विमानातले दोघेही बाहेर पडले, पण त्यांतला रे टॉरिक समुद्रात बुडून गेला. पाठीवरून सोडणं त्यानंतर बंद केलं. आपल्या जॅग्वारच्याही पंखावर क्षेपणास्त्र असतं, पण ते रुळावरून स्वतःच्या जोरावर पुढे निघून जातं. टाकून द्यायचं आणि झेपावू द्यायचं, या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. समोर कुठली आहे हे काम हाती घेण्याआधी मनाशी पक्कं कर.

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नकोस. तुझ्या घरापासून ओझर किती लांब? अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली घेऊन पहिलं उड्डाण २५ जून २०१६ रोजी तिथूनच, विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीच्या नाशिक विभागातून झालं. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते प्रथमच विमानातून सोडलं. आधी ते पोटाखालून नुसतं खाली पडलं, विमानापासून दूर गेलं आणि मगच त्याचं इंजिन पेटलं. मला विचारशील तर त्या सगळ्या कामगिरीत पेटण्याआधीचं ते पडणं सर्वांत अवघड. लोक क्षेपणास्त्राचा वेग लक्षात ठेवतात, ते सुटलं कसं हे कुणी विचारत नाही. तू विचार.

शस्त्राइतकंच महत्त्व नेम दाखवणाऱ्या पॉडला दे. २४ जून १९९९ रोजी मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरच्या वाटेने जाणारे बॉम्ब टाकले. नेम दाखवणारा लेझर लायटनिंग पॉडमध्ये होता. पॉडच्या काचेवर बोटाचा ठसा राहिला किंवा कनेक्टरची एक पिन वाकली, तर हजार पौंडांचा बॉम्ब असून उपयोग नाही. पॉडला हात लावताना हात स्वच्छ आणि मन शांत हवं.

एक प्रसंग कधी ना कधी येईलच. बटण दाबूनही बॉम्ब सुटला नाही आणि विमान तो घेऊन परत आलं. त्याला हँग-अप म्हणतात. तेव्हा सगळे धावत जवळ जातात. तू जाऊ नकोस. विमान मोकळ्या दिशेला तोंड करून उभं राहू दे. रॉकेट किंवा क्षेपणास्त्र असेल तर त्याच्या समोरून किंवा मागून न जाता बाजूने जा. आधी सेफ्टी पिन लाव, मग बाकीचं. तो बॉम्ब आता लावतानाच्या स्थितीत नाही आणि सुटलेल्याही नाही. त्याच्या आत काय अर्धवट झालंय हे बाहेरून दिसत नाही. फ्यूजच्या, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या यंत्राच्या बारीक तारेकडे आवर्जून बघ. बॉम्ब सुटताना ती तार विमानाकडे राहते, ओढली जाते आणि फ्यूज जिवंत होतो. तुझ्यासमोर ती ताणलेली आहे, सरकली आहे की जागेवर आहे, एवढ्यावर पुढचं पाऊल ठरतं.

शेवटी सहीचं. फॉर्मवर तुझी सही पडली की वैमानिक त्या पायलनकडे फेरी मारताना एकदा बघतो आणि चढतो. स्वतः न बघितलेल्या कामावर सही करू नकोस, मग ते काम करणारा तुझा जिवलग मित्र का असेना. कधी एखादा साहेब घड्याळ दाखवून घाई करेल. वाद घालू नकोस, आवाज चढवू नकोस. एवढंच म्हण, "सर, उजवा पायलन मी अजून बघितलेला नाही. बघतो आणि सही करतो." आणि लगेच जाऊन बघ. चांगला अधिकारी त्यापुढे काही बोलणार नाही.

सुट्टीला आलास की ये. तुझ्या युनिटमधलं काही सांगू नकोस, मी विचारणारही नाही. पण टॉर्क रेंच कसा धरतोस ते मात्र दाखव.

तुझा,
काका