निवृत्तीनंतर साताऱ्यात एकट्याने वकिली करून थोडी कमाई होईल का?

होईल. पेन्शनची अडचण नाही. नोकरीत असताना सनद (वकिलीचा परवाना) स्थगित केली असेल, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करून ती आधी चालू करून घ्या. तोवर वकीलपत्रावर सही नको.

रोज कोर्टात उभं राहावं लागेल अशी कामं टाळा. वारस दाखला, नोटिसा, करारनामे घ्या. त्यांचं बरंचसं काम घरच्या टेबलावर होतं.

चुकतं ते मुदतीत. चेक परत आला की बँकेचा मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) कधी मिळाला, ते पक्षकाराला पहिल्यांदा विचारा. तिथून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून पैशांसाठी १५ दिवस, पैसे न आल्यास पुढे महिन्याभरात फिर्याद. कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा कोर्टात दिलेला अर्ज, ९० दिवसांनी संपतं. मदतीला कारकून नसतो, म्हणून शेवटच्या तारखेआधीची आठवणही डायरीत लिहा. आणि पक्षकाराची मूळ कागदपत्रं पोच दिल्याशिवाय ठेवून घेऊ नका.