तो चष्मा

सैनिकांच्या घरच्यांकडून, कधी खुद्द सैनिकांकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शब्द वेगळे असतात, गाभा एकच: ‘तिथे जे पाहिलं त्यानंतर माणूस चांगला असतो यावर विश्वासच बसत नाही. आता हे असंच राहणार का?’ या प्रश्नावर बोलताना मला एक जवान आठवतो. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो सुट्टीवर आला होता. युद्ध सुरूच होतं आणि चार आठवड्यांनी त्याला त्याच तुकडीत परत रुजू व्हायचं होतं. बहिणीने आग्रह केला म्हणून माझ्याकडे बोलायला आला. खोलीत शिरल्यावर खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लावली, दार नजरेसमोर राहील असा बसला. म्हणाला, “मॅडम, झोप लागत नाही, चिडचिड होते, ते चालायचंच. मला एवढंच सांगा, चांगली माणसं असतात हे खरं आहे, की लहानपणी आपल्याला नुसतंच सांगितलं?”

त्या दिवशी मी घाई केली. त्याला धीर द्यावा म्हणून पहिल्या महायुद्धातला १९१४ चा नाताळ सांगितला. पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक आपापल्या खंदकांतून बाहेर आले, एकमेकांना भेटले, आपल्या मेलेल्यांना पुरलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग नंतर?” नंतर पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, आणि अशी भेटगाठ परत होऊ नये म्हणून वरून सक्त हुकूम निघाले. त्याने नुसती मान हलवली. ज्याचं मन आतून सोललं गेलंय त्याला माणुसकीचा दाखला देऊन उपयोग नसतो. आधी त्याचं ऐकावं लागतं. हे मला माहीत होतं, तरी चुकले.

दुसऱ्या भेटीत तो बोलला. तुकडी एका घराची झडती घेत होती. घरात एक म्हातारे गृहस्थ, हात वर करून उभे. हात थरथरत होते, त्यात त्यांचा चष्मा खाली पडला. याच्या शेजारच्या जवानाने त्यावर बूट ठेवला आणि हळूहळू दाबला. काच फुटल्याचा आवाज झाला तसा तो हसला. म्हातारबाबा गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत तुकडे शोधू लागले. कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. घरात काही सापडलं नाही आणि तुकडी पुढे गेली.

“मॅडम, मी मढी पाहिलीत. पण डोळे मिटले की तो फरशीवर फिरणारा हात दिसतो.”

मग खरी गाठ बाहेर आली. चष्मा चिरडणारा त्याचा जिवलग दोस्त होता. याच्या पायाला गोळी लागली तेव्हा ज्याने याला पाठीवर घेऊन उघड्या माळावरून आणलं, तोच. “जीव वाचवणारा खरा, की हसणारा खरा? आणि मी? मी एक शब्द बोललो नाही.”

आघातानंतरच्या मानसिक विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकी निदानसूचीत १९८० साली जागा मिळाली. त्याच्या व्याख्येच्या मुळाशी जवळजवळ कुणालाही हादरवून टाकेल असा भयानक अनुभव होता. पण व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्या लक्षात आलं की काहींना भीतीपेक्षा वेगळंच काही पोखरत होतं: ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा अशा अधिकाऱ्यांनीच योग्य-अयोग्याची चाड सोडली होती. याला ‘मॉरल इंजरी’, नैतिक जखम, हे नाव मिळालं. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अर्थ रुंदावला. स्वतः चुकीचं करणं, ते रोखू न शकणं, नुसतं पाहत राहणं, यातल्या कशानेही ही जखम होऊ शकते.

मी त्याला विचारलं, “तुम्हाला काहीच वाटलं नसतं, तर तो हात इतके दिवस दिसत राहिला असता?” त्याने उत्तर दिलं नाही, पण खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे घेतली.

रणांगणावर ‘कुणावर विश्वास ठेवू नकोस’ हा धडा जीव वाचवतो, म्हणून मन तो घट्ट धरतं. मग ‘तिथे, त्या वेळी, त्याने’ याचं ‘सगळे, नेहमी, कुणीही’ कधी होतं ते आपलं आपल्यालाही कळत नाही. त्याची वाक्यं आम्ही कागदावर लिहून एकेक तपासली. ‘माणूस मुळात नीच’ याच्या खाली त्यानेच लिहिलं, ‘मग मला पाठीवर कुणी आणलं?’ आणि ते खोडलं नाही.

घरच्यांसाठी इथेच सांगते. ‘विसरून जा’ म्हणू नका. ‘तू देशासाठी केलंस’ म्हणून विषय मिटवू नका. किती मारले हे तर कधीच विचारू नका. तो बोलू लागला की हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. दारू वाढली, किंवा ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तिसऱ्या भेटीत त्याने आपणहून विचारलं, “कुणी कधी आपल्याच लोकांना अडवलंय का?” या वेळी सांगण्याची वेळ बरोबर होती. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकन सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्पसन या अमेरिकन वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपल्या दोन साथीदारांना सांगितलं, आपले लोक या गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. त्या गावकऱ्यांना त्याने तिथून बाहेर काढलं, वरिष्ठांना कळवलं. त्यानंतर त्याला शिव्या आणि धमक्या ऐकाव्या लागल्या. तिघांच्या त्या धाडसाची खरी कदर होऊन पदक मिळालं ते थेट १९९८ साली, आणि त्यातला एक तोवर हयातही नव्हता.

“तीस वर्षं,” तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसला.

त्यानंतर मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. तिथे ते म्हातारबाबा बसलेत असं समजून बोलायचं होतं. तो आधी अवघडला. मग म्हणाला, “बाबा, मी वाकून उचलून द्यायला हवा होता. मला दिसत होतं. माझी मान वळली नाही.” दुसऱ्यांदा त्याच खुर्चीत मी त्याच्या पहिल्या प्रशिक्षकांना बसवलं. ज्यांचा शब्द त्याच्या लेखी शेवटचा, असा तो एकच माणूस होता. ते काय म्हणतील? “ओरडतील. माफ वगैरे लगेच नाही करणार. मग विचारतील, पुढच्या वेळी कुठे उभा राहशील?”

सुट्टी संपायच्या आठवड्यात त्याने त्या दोस्ताला फोन केला. “मी एवढंच म्हटलं, त्या घरातलं आठवतं का रे? तो लगेच म्हणाला, ‘चष्म्याचं ना?’ मी चष्म्याचं नावही घेतलं नव्हतं, मॅडम.”

हे सांगताना तो पहिल्यांदा रडला. दोस्तही झोपत नव्हता.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता काय वाटतं. म्हणाला, “विश्वास परत आला असं नाही म्हणणार. पण आमच्या दोघांचं ठरलंय. पुढच्या झडतीला घरात म्हातारं माणूस असलं, तर आधी त्याला खाली बसवायचं.”