खानापूरची लेक आणि स्पॅनिशचा तास

‘मुलगी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन स्पॅनिश शिकून डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-२ पातळी पास झाली. आता शाळेतल्या मुलांना स्पॅनिश शिकवायचं म्हणते. घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. काय करावं?’
– एक आई, खानापूर

ताई, कडू ते आधी सांगते. तुमच्या भागातल्या मराठी-कन्नड शाळांत स्पॅनिशची जागा निघेल म्हणून वाट बघू नका. मुलं मराठी, कन्नड, इंग्रजी सांभाळतानाच दमतात. मागणी आहे ती पुण्या-बंगळुरातल्या सीबीएसई आणि आंतरराष्ट्रीय शाळांत, आणि तिथंही सुरुवात बऱ्याचदा तासिकेवर.

म्हणून बी.ए. पुरी करून इंग्रजी विषय घेऊन बी.एड. करू द्या. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही शिकवणारी बाई शाळेला परवडते. ए-२ ही प्राथमिक पातळी, तेवढ्यावर मात्र वर्गात उभं राहू नये. पोरं चौथ्या दिवशी उघडं पाडतात. डेलेची बी-२, म्हणजे दोन पायऱ्या वरची पातळी, गाठावी. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे दोन वर्षं लागली तरी बिघडत नाही. बँकेच्या क्लार्कची वयोमर्यादा साधारण २८ आहे, तो रस्ता लगेच बंद होत नाही.

आता तिची जमेची बाजू. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. आंबे अनेक झाले की ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ होतं, जसं आपलं ‘आवडतो’चं ‘आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. इंग्रजीतून शिकणारा इथं हमखास अडखळतो. मराठी पोराला उदाहरण दिलं की पुरे. त, द हे उच्चारही आपल्यासारखेच, दाताला जीभ लावून.

संस्कृती शिकवायला तर सामान घरातच आहे. संकेश्वरी मिरची मुलांच्या हातात द्यावी: मिरचीचं मूळ मेक्सिकोत, तिथं तिला ‘चिले’ म्हणतात, आणि तो शब्दही स्पॅनिश तिथं येण्याआधीच्या नाहुआत्ल भाषेतला. नाताळच्या दिवसांत तिथली मुलं डोळे बांधून काठीनं पिन्याता, म्हणजे खाऊ भरून टांगलेलं भांडं, फोडतात. आपल्या पोरांना दहीहंडी आठवेलच. नुसतं स्पेनमधली माणसाची बैलाशी झुंज आणि फ्लॅमेंको नाच दाखवणारे क्लास मला स्वतःला कंटाळवाणे वाटतात.

येत्या मे महिन्यात गल्लीतली पाच-सहा पोरं जमवून तिला पंधरा दिवस रोज एक तास शिकवू द्या. फी घेऊ नका. दहाव्या दिवशी किती पोरं टिकली आणि ती स्वतः कंटाळली का, एवढं मला कळवा. बी.एड.चा अर्ज त्यानंतर बघू.