संगणक आणि कार्यालय, दोन्ही सांभाळणारा माणूस

प्रश्न : आमची संशोधन संस्था बारा जणांची. संगणक आणि कार्यालयीन काम एकाच व्यक्तीकडे द्यायचंय. निवड कशी करावी?

उत्तर : आधी महिनाभराच्या कामांची यादी करा. अशा जागी बराच वेळ बिलं, व्हाउचर, अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) यांतच जाऊ शकतो. जाहिरातीत नुसतं ‘नेटवर्किंगचा अनुभव’ लिहिलंत, तर आलेला माणूस सहा महिन्यांत कंटाळून जाईल.

मुलाखतीपेक्षा दीड तासाची चाचणी घ्या. पुसलेली एक फाइल बॅकअपमधून परत आणायला सांगा. बॅकअप ‘घेतो’ म्हणणारे पुष्कळ. परत आणून पाहिलेले थोडे. मग तीन कोटेशनं द्या, त्यातल्या एकात जीएसटी किमतीत धरलेला, दोनांत वेगळा. तुलनात्मक तक्ता मागा. जीएसटी न पाहता घाईत सर्वांत लहान आकडा उचलला, तर समजून जा, हा माणूस खरेदीच्या कामाचा नाही.

रुजू होताना डोमेन (संकेतस्थळाचं नाव) आणि ईमेलचं मुख्य खातं संस्थेच्या नावावर हवं, व्यवस्थापकीय अधिकार दोन जणांकडे. वैयक्तिक जीमेलवर डोमेन घेतलेला माणूस सोडून गेला की नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते आणि एके सकाळी संकेतस्थळ बंद! खरेदी करणारा आणि पैसे मंजूर करणारा मात्र एकच नको.