नव्या टाकीच्या आधी

सातारा

पोरी,
अनेक आशीर्वाद.

ग्रामपंचायतीत निवडून आलीस आणि आल्या आल्या पाणीपुरवठा समिती गळ्यात पडली, हे कळलं. अनुभवी मंडळी त्या विषयाला पाठ दाखवून बसली होती, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. फोनवर तू एकच विचारलंस: आणखी एका टाकीचा प्रस्ताव कसा करायचा? प्रस्ताव करणं अवघड नाही. नमुना मिळतो, ठराव होतो, सहीशिक्के होतात. पण आज तुमच्या टाकीत रोज किती लिटर पाणी चढतं आणि त्यातलं किती घरांत पोचतं, हे गावात कुणाला सांगता येईल का? तो आकडा हातात येईपर्यंत टाकीचा विषय काढू नकोस.

जलजीवन मिशन २०१९ साली जाहीर झालं, तेव्हापासून माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप धरतात. दीड हजार वस्तीला ८२,५०० लिटर. यात जनावरं नाहीत, आणि खटावात जनावरं सोडून हिशोब लागत नाही, हे तुला मी काय सांगणार! आता तुमची टाकी गोल आहे, आतला व्यास समज ६ मीटर. रात्री पाणी सोडायचे सगळे वॉल (व्हॉल्व्ह) बंद झाले की पाण्याची पातळी मोज, पहाटे पाणी सोडायच्या आधी पुन्हा मोज. १० सेंटिमीटर उतरली असेल तर सुमारे २,८०० लिटर पाणी कुणाच्याही तोंडी न लागता गेलं. टाकी तरी झिरपतेय, नाहीतर एखादा वॉल नीट बसत नाहीये. टाकीच्या बुडाशी मिनिटाला लिटरभर गळत असलं तर बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही. दिवसाला ते १,४४० लिटर होतं, म्हणजे २६ माणसांचं पाणी.

साताऱ्याला कास तलावाचं पाणी उतारानं येतं, डोंगरानं ते फुकटात उचलून धरलंय. तुमचं येरळा नदीकाठच्या विहिरीतून मोटारीनं चढतं. साडेसात एचपीची मोटर तासाला सहा-सात युनिट खाते. म्हणजे गळलेल्या प्रत्येक घागरीचं बिल गावानं आधीच भरलेलं असतं.

दुसरी गोष्ट विहिरीची. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. त्यात आपला काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. मे महिन्यात विहीर दोन तासांत तळाला जात असेल तर दुसरी टाकी बांधून तिच्यात काय भरणार? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तूही त्याच महिन्यांत आपल्या विहिरीची मोज, आणि मोटर बंद केल्यावर पाणी पुन्हा पहिल्या खुणेला यायला किती तास लागतात तेही लिही. गाळ काढायचा, आडवं बोअर मारायचं, वरच्या अंगाला बंधारा घ्यायचा की खरोखरच टाकी बांधायची, हे या आकड्यांवरून ठरतं. टाकी लांबून दिसते, तिच्यावर नावं रंगवता येतात, म्हणून तिची मागणी आधी होते, एवढंच.

आता पंपघर. तिथं एक जाड वही सुतळीनं बांधून ठेव. रोज चार गोष्टी लिहायच्या: मोटर चालू केली ती वेळ, बंद केली ती वेळ, व्होल्टेज आणि अँपिअर. टाकी भरायला गेल्या वर्षी चार तास लागत होते आणि आता साडेपाच लागतात, एवढं जरी वहीनं सांगितलं तरी वहीचे पैसे फिटले. मग एक तर पंप झिजलाय, नाहीतर चढत्या लाईनीत गळती आहे. कुठलं ते कळायला पंपाजवळ प्रेशर गेज हवं. मिनिटभरासाठी पंपापुढचा वॉल बंद करून गेज बघायचं. दाब पूर्वीइतकाच दाखवला तर पंप ठणठणीत आहे, लाईनीच्या कडेनं चालत गळती शोधायला लाग. मिनिटभरच हं, जास्त वेळ नको. अँपिअर हळूहळू उतरत गेले तर पाणी कमी उचललं जातंय. चढले तर व्होल्टेज पडलंय किंवा आत काही घासतंय.

गावोगावी मोटारी जळतात त्यातल्या निम्म्या स्टार्टरच्या आत जळतात, असं माझं मत आहे. मोटर जास्त वीज ओढू लागली की तिला बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो, म्हणून कुणीतरी हुशार माणूस तो वगळून डायरेक्ट जोडून टाकतो. रिले बिचारा ओरडून सांगत असतो, त्याचंच तोंड बांधायचं! पुढं तिन्हीतला एक फेज गेला की मोटारीचं वाइंडिंग जळलं, मग वर्गणी, मग टँकर. पंपघरात शिरशील त्या पहिल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला घेऊन पॅनल उघडून बघ. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे का, आणि असला तर जोडलेला आहे का.

हे वॉल उघडून गावाला पाणी सोडणाऱ्या तुमच्या वॉलमनबद्दल जरा सविस्तर लिहितो. गावात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा आणि सगळ्यात कमी पगार घेणारा माणूस तोच. खालच्या आळीला दोन मिनिटं जास्त गेलं तर वरची आळी भांडायला येते, वरच्या आळीला दिलं की खालची. कुठल्या घराच्या उंबऱ्यापाशी जुनी लाईन वळते, कुठला वॉल उलटा फिरतो, कुठल्या वॉलला साडेतीन आटे दिले की माळावरच्या वस्तीला पाणी चढतं, हे सगळं फक्त त्याच्या डोक्यात आहे. त्याचे गुडघे आता दुखतात, हे तू पाहिलं असशील. तो पाणी सोडायला निघतो तेव्हा पहाटे त्याच्याबरोबर फिर. त्याच्या पुढं पुढं करायचं नाही, मागं चालायचं आणि विचारायचं. दुपारी घरी येऊन नकाशा काढ.

नकाशा फोनवर खूण करून भागणार नाही. फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं, आणि चार मीटरचा काँक्रीट रस्ता उकरणं म्हणजे काय हे सरपंचांना विचार. प्रत्येक वॉलपासून दोन पक्क्या कोपऱ्यांपर्यंत टेप धर: देवळाचा कोपरा, शाळेची भिंत, जी हलणार नाही अशी जागा. दोन अंतरं लिहिली की वॉल मातीखाली गेला तरी सापडतो. आणि तो जातोच. काँक्रीट रस्ता होतो तेव्हा वॉलच्या चेंबरवरूनच ट्रॉली ओतली जाते. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी झाकणं वर उचलून घेणं हे त्या अंदाजपत्रकात बसवायला लाव. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पंपघरात आणि एक वॉलमनच्या घरी. त्याच्या घरची सगळ्यात महत्त्वाची. आपलं ज्ञान काढून घेऊन आपल्याला बाजूला सारणार, ही भीती त्याला वाटता कामा नये.

गळतीचं आणखी एक आहे, जे लोकांच्या गळी उतरत नाही. ज्या भोकातून पाणी बाहेर जातं त्याच भोकातून ते आतही येतं. पाणी बंद झालं की लाईन रिकामी होते, आत ओढ बसते, आणि पाइप गटाराकडेनं गेलेला असेल तर गटार आत येतं. त्यात नळाला थेट मोटर लावणारे बहाद्दर असले की बघायलाच नको. म्हणून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकीत टाकली आणि टाकीखालच्या नळावर ओटी, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी, घेतली, एवढ्यानं भागत नाही. ओटी घ्यायची ती लाईनीच्या शेवटच्या घरात, पावडर टाकून अर्धा तास झाल्यावर. तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पावडर वाढवत बसू नकोस, मधली गळती शोध. पावडरीची पिशवी पंपघरात उघडी पडलेली दिसली तर मात्र आधी तीच बदल. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, ओल लागली की ते उडून जातं आणि मागं नुसता चुना उरतो.

पैशाकडं येतो. पाणीपट्टी वाढवा असं निवडणुकीच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, आणि निवडणूक कायम तोंडावरच असते. तू वाढवा म्हणूच नकोस. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला दोन ओळी लिही: या महिन्याचं पंपाचं लाईट बिल इतकं, जमा झालेली पाणीपट्टी इतकी. बाकी काही नाही. तीन-चार महिने लोक वाचतील, भांडतील, थकबाकीदारांची नावं लिहा म्हणतील. नावं लिहू नकोस, पहिलं भाऊबंदकीचं भांडण तिथंच पेटतं. ग्रामसभेत आकडा मांड, दर त्यांनाच ठरवू दे.

मीटरचं नाव काढलं की लोक अंगावर येतात. त्यांना कराडजवळच्या मलकापूरला घेऊन जा. तिथं मीटर लावून चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखवली, आणि जास्त वापराला जास्त दर ठेवला. चोवीस तास दिलं तर लोक नासाडी करतील, असं आपल्याला वाटतं. तुमच्याकडं बघ की: तीन दिवसांतून एकदा चावीला पाणी येतं, त्या दिवशी पिंप, हंडे, कळशा सगळं भरतात आणि कालचं शिळं म्हणून अंगणात ओततात. तुमच्या विहिरीला चोवीस तास झेपणार नाही, ते मी म्हणतही नाही. पण रोज अर्धा तास, ठरल्या वेळेला, एवढं जमलं तरी ओतणं थांबेल.

दुरुस्तीला निधी नाही असं सांगितलं जाईल. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. असा बंधित निधी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम घातल्याशिवाय खर्चता येत नाही. तेव्हा आराखडा तयार होताना वॉल, गेज, गळती दुरुस्ती ही बारकी कामं नावानिशी लिहून घे. मोठं काम सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आणि पुढंमागं नवी लाईन पडलीच, तर चर बुजवायच्या आधी हजर राहा. पाइपवर मीटरभर माती येते का ते टेपनं बघ. खडक लागला की खोली कमी होते आणि पहिल्या ट्रॅक्टरला पाइप फुटतो. दाबाची चाचणी उघड्या चरात घ्यायला लाव, सांधे डोळ्यांनी बघ. योजना ताब्यात घ्यायचा कागद येईल तेव्हा टाकलेल्या लाईनीचा प्रत्यक्ष नकाशा माग, आणि शेवटच्या घराच्या नळाखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते त्याच कागदावर लिहायला सांग. कार्यक्रम ठरलाय, मंडप पडलाय, पाहुणे निघालेत, असं सांगून घाई करतील. चहा दे त्यांना. सही बादली भरल्यावर.

कळावे,
तात्या