तापात आईचं जेवण बंद झालं तर इन्सुलिनही बंद करावं का? कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर काय तयारी ठेवावी? (दापोली)

इन्सुलिन अजिबात बंद करू नका. "पोटात अन्न नाही, मग सुई कशाला" हा सल्ला कोरोनाच्या काळात वाडीवाडीत दिला गेला आणि त्यानेच माणसं अत्यवस्थ झाली. तापात यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणून उपाशी माणसाचीही साखर चढते. रात्रीचं लाँग-अ‍ॅक्टिंग (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन चालू ठेवायचं, जेवणाआधीचं डॉक्टरांना विचारून कमी करायचं. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन तर जेवण सुटलं की थांबवायचीच, कारण त्या गोळ्यांवर साखर 200च्या आत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचू शकतात.

साखर दर चार तासांनी बघा. आंब्याच्या दिवसांत बोट नुसतं पुसू नका, साबणाने धुवून कोरडं करा. नाहीतर रसातली साखर मोजली जाते आणि फुकटचा डोस वाढतो. 250च्या वर राहिली तर लघवीत कीटोनची पट्टी बुडवा. मीठ घातलेली पेज थोडी थोडी द्या. साखर वाढेल म्हणून तीही तोडणं हा मूर्खपणा आहे.

ऑक्सिजन लागलेल्या कोरोना रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस देतात. सकाळी दिलं की साखर दुपारनंतर उसळते, पहाटेची मात्र बरी दिसते. उपाशीपोटीची एकच तपासून "कंट्रोलमध्ये आहे" म्हणणारे इथेच फसतात. 2021मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) गाठलेल्यांत मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेलेच जास्त होते. एका बाजूचा गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, वरचा दात हलतोय, डोळा सुजलाय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

साथीत वादळही येतं. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तुमच्याच भागात कित्येक दिवस वीज नव्हती. इन्सुलिनची वापरातली कुपी 30 अंशांखाली साधारण 28 दिवस टिकते. मडक्यात ठेवता येते, पण आपल्या दमट हवेत मडकं देशावरच्याइतकं गार होत नाही, तेव्हा घरातला सर्वात थंड, वारा लागणारा कोपरा निवडा. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी टाकून द्या.

राहिलं "एकदा सुई लागली की कायमची". टाइप 2मध्ये हे खोटं आहे. स्टिरॉइड उतरलं की डोस उतरवावाच लागतो, नाहीतर साखर खाली कोसळते, आणि बरेच जण पुन्हा गोळ्यांवर येतात. या एका समजुतीपायी लोकांनी दवाखान्यात सुई नाकारली.

आई 30/70 मिश्रण (लवकर आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन एकाच कुपीत) घेत असेल तर वरचा नियम तसाच लावू नका. जेवण नसताना पूर्ण डोस धोक्याचा असतो, आधी डॉक्टरांना फोन करा.